आस

आई कधी आजारी पडली नाही.
आईने सगळं अंगावर काढलं.
ताप काढला, कावीळ काढली,
आणि रूपेशच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी
दिवाळ्याच्या जेटीवरून उचललेली पाटी
बेलापूरच्या सेक्टरांत दारोदार.

"अंग बाहेर येतं," असं ती मला म्हणाली
तेव्हा मी बेचाळीसची, ती चौसष्टची,
आणि ते बावीस वर्षं बाहेर येत होतं.
सांगितलं तेही कोलंबी सोलताना, मान खाली,
मोरीचं झाकण सैल झालंय म्हणावं तसं.

बोटाने आत ढकलायची. वर फडक्याची जाड घडी.
हळदीला सगळ्यात मागे बसायची,
उठताना पाठीशी कुणी नको.
शिंक आली की एक हात नाकाला, एक हात खाली.
आम्ही पोरं त्या दोन हातांची नक्कल करायचो.
करून दाखवायचो तिलाच.

वाशीला, पालिकेच्या दवाखान्यात,
सबनीस डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं:
पिशवी, लघवीची थैली, खालची सैल पडलेली जमीन.
रिंग बसवता येईल, म्हणाल्या.
किंवा आतल्याच मांसाला टाके,
पण काही जणींचे ते पुन्हा सैल पडतात.
नाहीतर पोटातून जाळी,
माकडहाडाच्या वर बांधून.

जाळी म्हटल्यावर आई खुर्चीत सरळ झाली.
"दावा."

खणातून नमुना निघाला, तळहाताएवढा, पांढरा.
आईने तो खिडकीकडे धरला.
दोन अंगठ्यांनी ताणला, आडवा, मग तिरका.
गाठ शोधली. गाठ नव्हती.
"आस बारीक हाय. जवला पन सुटाचा नाय.
सूत कसलं?"
प्लास्टिकचाच प्रकार, बाई म्हणाल्या. कुजत नाही.

आई गप्प. मग ती खाडीबद्दल बोलायला लागली.
मला वाटलं, भरकटली; मी तिचा पदर ओढला.
पूर्वी सुती जाळी असायची, ती सांगत होती,
तुटलेला तुकडा चिखल खाऊन टाकायचा.
प्लास्टिक आलं आणि तुकडे राहायला लागले.
वीस वर्षं राहतात. मग एखाद्या ओहोटीला
चिंबोऱ्या शोधताना पायात येतात
आणि कापतात.
त्यावर कालवं धरलेली असतात, मुळं गुंतलेली असतात,
ओढलं तर सगळं घेऊनच वर येतं.
"तसा माज्या आत झाला,
तं काढील कोन?"

दाराशी नंबरवाल्या बायका कुजबुजत होत्या.
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं.
"होतं तसं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नाही, थोड्यांना.
आणि काढायची वेळ आली तर पुरती निघत नाही."
फॉर्मवर ते होतं.
दुसऱ्या पानावर, इंग्रजीत.

तीन दिवस आई ओट्यावर बसून
रूपेशचं फाटलेलं जाळं शिवत राहिली.
काही बोलली नाही.
चौथ्या दिवशी म्हणाली, टाकेच घालू दे.
"माजाच मांस हाय. सैल परला तं परला,
पायात तं येनार नाय."

टाके घातले. घरी सोडताना बाईंनी बजावलं,
तीन महिने वजन उचलायचं नाही.
आई हसली. हसताना हात खाली गेलाच,
सवयीने.

मग पाटीचं काय?
पाटी कुणी उचलायची हे घरात कुणी ठरवलं नाही.
पाटी प्रणितावहिनीने उचलली.
बाळ पाच महिन्यांचं.
आठ दिवस आई खाटेवरून बघत होती:
वहिनी खाली बसते कशी,
उठताना कुठे धरते,
मोरीत किती वेळ लावते.

काल संध्याकाळी रूपेश दारातच होता,
सुई हातात, जाळं मांडीवर पसरलेलं.
शेजारचा म्हातारा तांडेलही होता बिडी ओढत.
आई आतूनच, माशांचा भाव विचारावा
एवढ्या मोठ्याने म्हणाली,
"प्रणिता, टेव ती पाटी.
अंग भायेर येतं का गो तुजा?"

तांडेलने रस्त्याकडे तोंड केलं.
वहिनी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी,
पाणी ठिबकत होतं तिच्या खांद्यावर.
रूपेशने सुई ओढली,
एक आस चुकला,
उसवला,
परत चुकला.